दगड-मुरमाच्या खाणीवर पुन्हा गवत : वनस्पतींचे निकष कसे ठरवायचे? मराठवाड्यासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात खाण म्हटलं की बहुतेक वेळा काळ्या पाषाणाची दगडखाण, खडी क्रशरची जागा किंवा भरावासाठी मुरूम उपसलेला माळ. खाणपट्टाधारक, ग्रामपंचायत, मुरमासाठी रान दिलेला शेतकरी आणि तपासणीला येणारे अधिकारी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

प्र. निकष कशाला हवेत? हजार झाडं लावली की काम झालं ना?

नाही. लावलेली झाडं हा झालेल्या खर्चाचा पुरावा असतो. जमीन सावरली का, हे त्यावरून कळत नाही. जुलैत लावलेली हजार रोपं पुढच्या मे महिन्यात दीडशे उरली, तरी कागदावर "१,००० झाडे लावली" हे वाक्य खरंच राहतं. निकषाने वेगळा प्रश्न विचारायला हवा: टँकर बंद झाल्यावर, राखणदार गेल्यावर, ही जमीन स्वतःच्या जोरावर किती झाकलेली राहते, कोणत्या वनस्पतींनी, आणि शेजारच्या चांगल्या माळाच्या तुलनेत ती कुठे उभी आहे? पुढची सगळी उत्तरं या एका प्रश्नाला धरून आहेत.

चांगल्या निकषात पाच गोष्टी लिहिलेल्या असतात: काय मोजायचं, कोणत्या पद्धतीने, कोणत्या महिन्यात, कशाशी तुलना करून, आणि किती वर्षांनी. यातली एक जरी गाळली तरी तपासणीच्या दिवशी वाद होतो.

प्र. कायदा काय सांगतो?

दगड, मुरूम, वाळू ही गौण खनिजं. खाण व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ च्या कलम १५ नुसार त्यांचे नियम राज्य सरकार करतं. आपल्याकडे महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन (विकास व विनियमन) नियम, २०१३ लागू आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ च्या दीपक कुमार प्रकरणातल्या आदेशाने पाच हेक्टरपेक्षा लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरीच्या कक्षेत आणलं.

आपल्या विषयाला सर्वांत जवळचा आदेश ८ जानेवारी २०२० चा. कॉमन कॉज या संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खाणकाम थांबल्यावर पट्टाधारकाने खाणीची आणि खाणीमुळे बिघडलेली जमीन पुन्हा गवताखाली आणावी, चारा, वनस्पती आणि प्राणी यांच्या वाढीला योग्य करावी. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने १६ जानेवारी २०२० च्या ज्ञापनाने ही अट पर्यावरण मंजुरीत घालायला सांगितलं. "गवत" आणि "चारा" हे शब्द त्या आदेशातच आहेत, हे ध्यानात ठेवा. मात्र किती टक्के गवत, कोणतं आणि किती वर्षं टिकलेलं, हे त्या आदेशात नाही. ते खाण आराखड्यात आणि मंजुरीच्या अटींत लिहून घ्यावं लागतं, आणि ते लिहायची वेळ काम सुरू होण्याआधीची असते.

प्र. सुरुवात कुठून करायची?

खाणीनंतर ती जमीन कशासाठी वापरायची, हे आधी ठरवा. गायरान असेल तर चराई, बालाघाटाच्या उतारावर असेल तर गवत आणि सीताफळ-बोरीची झुडपं, वनजमिनीला लागून असेल तर वन, खासगी रान असेल तर शेती. प्रत्येक वापराचा निकष वेगळा. चराईच्या जमिनीवर झाडांची दाटी मोजणं निरर्थक, आणि वन करायच्या जागेवर फक्त चारा तोलून भागत नाही.

हा निर्णय ग्रामसभेत, गुराखी आणि मेंढपाळ हजर असताना घ्यावा. त्या माळावर कोणतं गवत उगवायचं, पाणी कुठून वाहायचं, कुठल्या ओघळीत हिरवं शेवटपर्यंत टिकायचं, हे त्यांना अचूक सांगता येतं.

प्र. खाणीआधी जमीन कशी होती याची नोंदच नाही. मग तुलना कशाशी?

जवळच्या संदर्भ क्षेत्राशी. खाणीपासून शक्यतो दहा किलोमीटरच्या आत, किमान एक हेक्टरचा तुकडा निवडा. मातीची खोली, उतार आणि उताराची दिशा खाणीच्या अंतिम रूपाशी जुळली पाहिजे. खाणीच्या तळावर ३० सेंटीमीटर माती पसरणार असाल तर संदर्भही तेवढ्याच उथळ मातीचा हवा. गोदाकाठच्या काळ्या रानाशी तुलना केली तर कुठलीही खाण नापास होईल.

चांगली ठिकाणं: चराई आवरलेलं गायरान, देवस्थानची राखलेली जमीन, वनविभागाचं कुरण. येडशी रामलिंग घाट, नायगाव मयूर किंवा गौताळा या अभयारण्यांच्या परिसरात झुडपी माळाचा आणि पानगळीच्या वनाचा चांगला नमुना पाहायला मिळतो. तिथे काही करायचं तर वनविभागाची परवानगी घेऊनच.

संदर्भ क्षेत्रच उजाड असेल तर? हे फार वेळा होतं. ज्या गायरानावर सप्टेंबरअखेर निम्मीही जमीन झाकलेली नसते, ते आदर्श म्हणून धरू नका. नाहीतर आधीच्या दुरवस्थेलाच निकषाचा दर्जा मिळतो. अशा वेळी खाण चालू असतानाच जवळचा अर्धा ते एक हेक्टर तुकडा कुंपण घालून तीन पावसाळे राखा. खाण दहा वर्षं चालणार असेल तर संदर्भ तयार करायला भरपूर वेळ हातात असतो.

प्र. अख्ख्या खाणीला एकच निकष चालेल का?

चालणार नाही. दगडखाणीचे किमान चार भाग पडतात आणि प्रत्येकाची कुवत वेगळी.

तळ हा सपाट, दबलेला आणि बहुधा अखंड खडकाचा असतो. माती आणून पसरली तर इथे उत्तम गवत येतं. पायऱ्यांवर माती साठवता येते, त्यामुळे झुडपं आणि वेली चालतात. उभी कडा मात्र रिकामीच सोडा. तिच्यावर आच्छादनाची अपेक्षा ठेवली की लोक जाळ्या आणि माती चिकटवण्यावर पैसे घालवतात आणि दुसऱ्या पावसात सगळं खाली येतं. सुरक्षित केलेल्या कड्यांच्या कपारीत शृंगी घुबडं राहतात. तो अधिवास आहे तसा राहू द्यावा. चौथा भाग टाकाऊ मालाच्या ढिगाऱ्यांचा. तिथे आधी उतार एकास तीन, म्हणजे एक मीटर उंचीला तीन मीटर आडवा, इतका सौम्य करून मग गवत.

नकाशावर हे भाग रंगवा, प्रत्येकाचं क्षेत्रफळ लिहा आणि प्रत्येकासमोर त्याचा निकष लिहा. हे एका पानात बसतं, आणि पुढचे निम्मे वाद तिथेच संपतात.

प्र. आकडे द्या. चराईसाठी परत करायच्या तळावर काय मागावं?

३० सेंटीमीटर माती पसरलेल्या तळासाठी आम्ही हे सुचवतो:

- बहुवर्षायू (वर्षानुवर्षं जगणाऱ्या) वनस्पतींचं जिवंत आच्छादन त्याच वर्षीच्या संदर्भ क्षेत्राच्या ९० टक्के, आणि खाली दिलेला दुष्काळाचा अपवाद सोडता ५० टक्क्यांपेक्षा कमी नाही.
- किमान चार जातींची बहुवर्षायू गवतं, प्रत्येकीचा एकूण आच्छादनात किमान ५ टक्के वाटा. एकाच जातीचा वाटा ५० टक्क्यांपेक्षा जास्त नको.
- वाळलेल्या चाऱ्याचं उत्पादन संदर्भाच्या ९० टक्के.
- १० चौरस मीटरपेक्षा मोठा उघडा पट्टा एकही नाही. १५ सेंटीमीटरपेक्षा खोल ओघळ नाही.
- स्थानिक झाडं हेक्टरी १०० ते १५०, पाण्याविना किमान दोन उन्हाळे काढलेली.
- तणांचा वाटा १० टक्क्यांच्या आत. बी धरणारी वेडी बाभूळ शून्य.
- पेरलेल्या गवतांची आपोआप उगवलेली रोपं दिसली पाहिजेत.

शेवटचा मुद्दा लोक गाळतात, पण आमच्या मते तोच सर्वांत बोलका आहे. लावलेली पिढी जगवता येते. दुसरी पिढी मात्र माती, ओल आणि बी यांचं जमलं तरच येते.

पायऱ्यांसाठी एवढं पुरे: प्रत्येक १०० मीटर लांबीला किमान २५ जिवंत झुडपं, किमान पाच जाती, आणि पायरीच्या बाहेरच्या कडेला सलग गवताची पट्टी.

प्र. झाडं एवढी कमी का? हेक्टरी ४०० तरी हवीत.

पाच बाय पाच मीटरवर हेक्टरी ४०० झाडं बसतात, कागदावर. हिशोब करून पाहा. ६० सेंटीमीटर लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात ०.२१६ घनमीटर माती लागते, म्हणजे ४०० खड्ड्यांना सुमारे ८६ घनमीटर. अखंड पाषाणात हे खड्डे ब्रेकर लावून फोडावे लागतात. फोडले तरी पावसात ते भरतात, पाणी खाली मुरत नाही, आणि रोप उन्हाने मरण्याआधी कुजून मरतं. खड्ड्याला तळातून भेग किंवा निचरा आहे का, हे त्यात पाणी ओतून बघा. २४ तासांनंतर पाणी तसंच उभं असेल तर तिथे झाड लावू नका.

मग पाणी. ४०० रोपांना आठवड्याला १५ लिटर दिलं तर आठवड्याचे ६,००० लिटर होतात. फेब्रुवारी ते मे या १७ आठवड्यांत एक लाख दोन हजार लिटर. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा प्रदेशात खाणीवरच्या रोपांसाठी दहा-दहा हजार लिटरचे टँकर मागणारा आराखडा पहिल्याच दुष्काळात बंद पडतो.

आपल्या बहुतांश माळाचं मूळ रूपही दाट जंगलाचं नाही. गवत, त्यात विखुरलेली हिवर, बोर, पळस, आणि ओघळीला थोडी दाट झाडी, असं ते आहे. धाविक, चंडोल हे पक्षी आणि काळवीट यांना तो मोकळा माळच लागतो. जिथे भेगाळलेला खडक आणि माती दोन्ही आहे तिथे झाडं जरूर वाढवा: कडुनिंब, हिवर, खैर, बोर, सीताफळ, आपटा, धावडा, अंजन वृक्ष. किनवट-माहूरकडे पाऊस जास्त, तिथे साग, मोह, बेहडा येतील आणि संख्याही वाढवता येईल. ती भूम-पाटोद्याच्या माळाला लावू नका.

प्र. कोणतं गवत, किती बी?

उथळ मुरमाड जागेवर पवना आणि डोंगरी. हलक्या, निचऱ्याच्या मातीत अंजन गवत. थोडी खोल किंवा काळसर माती असेल तिथे मारवेल. अंजन गवताला साचलेलं पाणी सोसत नाही, म्हणून तळाच्या सखल कोपऱ्यात ते टाकू नका. कुसळी आपोआप येते. ती कोवळी असताना जनावरं खातात, पण पिकल्यावर कुसळं मेंढ्यांच्या लोकरीत आणि तोंडात घुसतात, म्हणून तिचा वाटा एक तृतीयांशाच्या आत ठेवा. स्टायलो हे द्विदल चारापीक नत्र स्थिर करतं. मिश्रणात त्याचा वाटा पाचवा हिस्सा पुरे, कारण ते मूळचं इथलं नाही.

बियाण्याचं प्रमाण साधारण असं: अंजन गवत हेक्टरी ५ किलो, डोंगरी आणि पवना मिळून ५ ते ६ किलो, स्टायलो २ किलो. मारवेलाचं बी हलकं आणि फोल असण्याचा धोका जास्त, म्हणून ठोंब लावणं खात्रीचं. ५० बाय ५० सेंटीमीटरवर हेक्टरी ४०,००० ठोंब लागतात. सगळीकडे परवडत नसेल तर सखल पट्ट्यात आणि बांधांवर तरी लावा.

बऱ्याच गवतांचं ताजं बी सुप्तावस्थेत असतं, लगेच उगवत नाही. आदल्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोळा केलेलं बी पुढच्या जूनमध्ये वापरा. संदर्भ क्षेत्रातूनच बी गोळा केलं तर जातीही बरोबर मिळतात आणि गावातल्या बायकांना त्या हंगामात मजुरीही. स्टायलोचं कवच कठीण असतं. ते ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात तीन-चार मिनिटं बुडवून, लगेच थंड करून, सावलीत सुकवा. गवताचं लवदार बी वाऱ्याने उडतं, तेव्हा चौपट ओलसर मातीत मिसळून फोका आणि फार तर एक सेंटीमीटर झाका. काकरीत खोल गेलेलं बी वर येत नाही, आणि "बीच खराब होतं" म्हणून दोष दुकानदारावर जातो.

प्र. माती किती लागेल, आणि आणायची कुठून?

एका हेक्टरवर १५ सेंटीमीटर थर म्हणजे १,५०० घनमीटर, सुमारे ५३० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). ३० सेंटीमीटरला दुप्पट, म्हणजे १,०६० ब्रास. विकत आणायची म्हटली तर कोणीही हात टेकेल, आणि दुसऱ्याचं रान खरवडून खाण झाकण्यात काही अर्थ नाही. म्हणून पहिल्या दिवशी खाणीवरून काढलेली वरची माती हीच खरी ठेव आहे.

ती मुरमापासून वेगळी काढा. ढीग दीड मीटरपेक्षा उंच नको, त्यावरून डंपर नको, आणि पहिल्याच पावसात त्यावर ताग किंवा धैंचा पेरा. उंच ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही, मातीतले जीव आणि बियांचा साठा मरतो, आणि पाच वर्षांनी पसरते ती निर्जीव धूळ. सर्वांत चांगलं म्हणजे साठवूच नका. खाणीचा एक भाग संपला की पुढच्या भागावरची माती थेट त्यावर पसरा.

माती कमी असेल तर सगळीकडे पाच सेंटीमीटर फासण्यापेक्षा निम्म्या जागेवर नीट थर द्या आणि उरलेल्या जागेचा निकष वेगळा, कमी ठेवा. क्रशरची चुरी मातीच्या जागी वापरू नका. ती अल्कधर्मी असते, तिच्यात सेंद्रिय कर्ब जवळपास नसतो, आणि पाऊस पडून गेल्यावर वर कडक पापडी धरते. आपली माती आधीच चुनखडीची. सामू (पीएच) ८.५ च्या वर गेला की पानं पिवळी पडतात, कारण लोह असूनही मुळांना मिळत नाही. पसरण्याआधी सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब तपासून घ्या. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात आणि कृषी विभागाच्या माती परीक्षण प्रयोगशाळांत हे होतं.

आणि माती पसरण्याआधी, उन्हाळ्यात, तळ कोरडा असताना, डोझरच्या रिपरने समपातळीत ५० सेंटीमीटर खोल, एकेक मीटर अंतरावर फाडून घ्या. फुटत नसेल असा खडक सोडून द्या. दबलेला मुरूम मात्र सोडू नका. डंपरच्या चाकांनी दाबलेल्या मुरमावर माती घातली की मूळ तिथवर जाऊन आडवं वळतं.

प्र. आच्छादन डोळ्यांनी अंदाजे सांगितलं तर चालतं का?

नाही. दोन माणसांच्या अंदाजात वीस-वीस टक्क्यांचा फरक पडतो, आणि पट्टाधारकाचा अंदाज कोणत्या बाजूला झुकेल हे सांगायला नको. टेप आणि टोकदार सळई लागते, बाकी काही नाही.

५० मीटरचा टेप सरळ ताणा. दर ५० सेंटीमीटरला सळई उभी खाली सोडा आणि टोक पहिल्यांदा कशाला लागलं ते लिहा: मारवेल, पवना, तण, पालापाचोळा, दगड, उघडी माती. अशा १०० नोंदी झाल्या की प्रत्येक नोंद म्हणजे एक टक्का. टेपच्या जागा आधी नकाशावर चौकटी आखून चिठ्ठ्या टाकून निवडा. जागेवर गेल्यावर निवडू नका, पाय हिरव्याकडेच वळतात. कडेचे पाच मीटर सोडा.

चाऱ्यासाठी एक बाय एक मीटरची लोखंडी चौकट टाकून गवत जमिनीपासून पाच सेंटीमीटरवर कापा आणि ६० ते ६५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून तोला. कापणीच्या जागांवर जूनमध्येच तारेचे पिंजरे ठेवलेले हवेत, नाहीतर शेळ्यांनी खाल्लेलं वजन निकालातून वजा होतं. संदर्भ क्षेत्रातही तसेच पिंजरे हवेत.

मोजणी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. तेव्हा गवतं फुलोऱ्यात असतात, जात ओळखता येते. ऑगस्टमध्ये मोजलं तर हंगामी गवतांनी सगळा माळ हिरवागार दिसतो आणि नोव्हेंबरात तिथे धूळ उडते. झाडांची मोजणी मात्र मे महिन्यात.

प्र. किती नमुने घ्यायचे?

जमीन जितकी एकसारखी, तितके कमी. आधी दहा नमुने घ्या, सरासरी आणि प्रमाण विचलन (नमुने सरासरीपासून किती विखुरलेत याचं माप) काढा. मग सूत्र असं: १.३ गुणिले प्रमाण विचलन, भागिले सरासरीचा दहावा हिस्सा, आणि आलेल्या आकड्याचा वर्ग. समजा चाऱ्याची सरासरी हेक्टरी १,८०० किलो आणि विचलन ७०० आलं. ९१० ला १८० ने भागलं की ५.०६, त्याचा वर्ग २५.६. म्हणजे २६ चौकटी. सूत्राने कमी सांगितलं तरी १५ च्या खाली जाऊ नका.

निकाल लावताना एक बारकावा आहे, आणि तो पैशाइतका महत्त्वाचा आहे. संदर्भाचं आच्छादन ७० टक्के, म्हणजे निकष ६३. खाणीवर २० टेपची सरासरी ६१, विचलन १०. ९० टक्के खात्रीची एकतर्फी मर्यादा काढली तर सरासरीच्या वर-खाली सुमारे ३ येतात. "नापास आहे हे सिद्ध करा" असा नियम असेल तर ६१ अधिक ३ म्हणजे ६४, खाण पास. "पास आहे हे सिद्ध करा" असा असेल तर ६१ उणे ३ म्हणजे ५८, खाण नापास. दोन्ही पद्धती शास्त्राला धरून आहेत. पण पहिल्या पद्धतीत जो कमी नमुने घेतो त्याची मर्यादा रुंद होते आणि त्यालाच फायदा मिळतो. म्हणून पहिली पद्धत निवडलीत तर नमुन्यांची किमान संख्या अटीतच लिहा.

प्र. दुष्काळ पडला तर? पाऊसच नाही, गवत कुठून येणार?

म्हणून तर संदर्भ क्षेत्र. २०१५ किंवा २०१८ सारख्या वर्षी खाणीवरचं आच्छादन घसरतं, तसं शेजारच्या माळाचंही. दोन्ही एकाच आठवड्यात मोजली की तुलना न्याय्य राहते. ठरावीक टक्क्यांचा निकष दुष्काळात प्रामाणिक माणसाला नापास करतो आणि चांगल्या पावसात आळशी माणसाला पास. वर सुचवलेली ५० टक्क्यांची तळरेषा फक्त एका परिस्थितीत शिथिल करा: त्याच वर्षी संदर्भ क्षेत्रही तिच्या खाली गेलं असेल तेव्हा. मग ते वर्ष मोजणीत धरू नका, पुढचं धरा.

प्र. जबाबदारी किती वर्षं ठेवावी?

अमेरिकेत कोळसा खाणींसाठी १९७७ च्या कायद्याखाली नियम आहे: जिथे वर्षाचा सरासरी पाऊस २६ इंचांपेक्षा, म्हणजे ६६० मिलिमीटरपेक्षा जास्त, तिथे किमान ५ वर्षं. त्याहून कमी किंवा तेवढाच पाऊस असेल तर १० वर्षं. यशाची पातळीही निकषाच्या ९० टक्के आणि खात्री ९० टक्के, अशीच ठेवलेली आहे. आपल्याला तो नियम बांधील नाही, पण त्यामागचं तर्कशास्त्र उपयोगी आहे. कोरड्या मुलखात चांगल्या वर्षांची साखळी मिळायला वेळ लागतो. मराठवाड्याचा बराच भाग या सीमेच्या अल्याड-पल्याड आहे, आणि इथला पाऊस दरवर्षी वेगळा वागतो. म्हणून किमान ७ वर्षं आणि शेवटच्या तीन वर्षांपैकी दोन वर्षं सलग निकष पूर्ण, अशी अट आम्हाला योग्य वाटते.

घड्याळ मात्र पेरणीच्या दिवसापासून सुरू होत नाही. शेवटचं पुन्हा-पेरणीचं, खताचं किंवा पाण्याचं काम झालं त्या दिवसापासून सुरू होतं. तिसऱ्या वर्षी पुन्हा बी फोकलं की मोजणी पुन्हा शून्यावर. हे वाक्य करारात नसेल तर सातव्या वर्षीच्या पावसाळ्यात युरिया टाकून हिरवं करून दाखवणं सोपं आहे.

प्र. वेडी बाभूळ, सुबाभूळ, गिरिपुष्प पटकन वाढतात. ती का नकोत?

वाढतात, आणि पसरतात. वेडी बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात आणि लेंड्यांतून बी सगळ्या गायरानावर नेतात. एकदा ती बसली की खालचं गवत विरळ होतं आणि काढायला पोकलेन लागतं. सुबाभूळही बी टाकून बस्तान बसवते. गिरिपुष्प शेताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी ठीक. खाणीच्या ढिगाऱ्यावर फार तर संरक्षणाची एक ओळ लावा आणि निकषात तिची मोजणी धरू नका. "जे हिरवं ते मोजा" असं लिहिलं की सगळी खाण सुबाभळीने भरते, कारण तेच सर्वांत स्वस्त पडतं.

गाजर गवत फुलोऱ्याआधी, ओल असताना मुळासकट उपटा. पहिल्या दोन वर्षांत ते येणारच. जास्त नत्र दिलंत तर गवताआधी तेच फोफावतं, म्हणून हेक्टरी पाच टन चांगलं कुजलेलं शेणखत पुरे. अर्धकच्चं शेणखत म्हणजे तणाचं बियाणंच.

प्र. चराई कधी सुरू करायची?

दोन पूर्ण पावसाळे बंदी. गवताने दोनदा बी टाकलं पाहिजे. त्या काळात गवत कापून न्यायला परवानगी द्या, तेही बी गळल्यावर. नुसती बंदी टिकत नाही. तिसऱ्या वर्षापासून निम्मं गवत जमिनीवर राहील इतकीच जनावरं. हेक्टरी १,८०० किलो असेल तर ९०० किलो वापरता येतं. एका मोठ्या जनावराला दिवसाला ८ किलो सुका चारा धरला तर हेक्टरी एका जनावराचे ११२ दिवस. हा हिशोब ग्रामसभेत फळ्यावर मांडला की लोकांना पटतो.

प्र. आमच्या खाणीत पाणी साठलंय. ते तसंच ठेवलं तर?

चालेल, पण मग तो भाग पाणवठा म्हणून आराखड्यात दाखवा, "गवताखाली" म्हणून नको. किमान एका बाजूचा काठ एकास तीन उताराचा करा, म्हणजे पडलेलं जनावर किंवा मूल बाहेर येऊ शकेल. बाकी कड्यांना कुंपण. काठाच्या पट्ट्यावर लव्हाळा आणि हरळी टिकते. तिथे बेशरम शिरू देऊ नका.

प्र. मुरूम काढलेल्या रानात काळी माती टाकून पीक घ्यायचंय. निकष कोणता?

शेजारच्या तशाच रानाच्या उत्पादनाशी तुलना, तीन हंगाम. ज्वारी, हरभरा किंवा तूर घ्या, ऊस नको. काळी माती थेट गुळगुळीत मुरमावर ओतली तर पावसात फुगून घसरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. आधी मुरूम फाडा, उतार एक टक्क्याच्या आसपास आणा, बांध घाला, किमान ४५ ते ६० सेंटीमीटर थर द्या. पहिल्या वर्षी ताग गाडा.

प्र. निकष पूर्ण झाला नाही तर पुढे काय?

आधी कारण शोधा, मग बी फोका. उलट क्रमाने केलेली पेरणी वाया जाते. उघड्या पट्ट्यावर ३० सेंटीमीटरचा खड्डा खणा. आत मुळं आडवी वळलेली असतील तर दबलेला थर. माती पांढुरकी, पापडीची असेल तर सामू तपासा. पट्टा ओघळीच्या रेषेत असेल तर वरून येणारं पाणी आडवा. पण भरावाच्या सैल ढिगाऱ्यावर सलग समतल चर खणू नका, पाणी आत मुरून ढिगारा खचतो. सगळं ठीक असून गवत खुरटलेलं असेल तर रात्रीची चराई चालू आहे.

कोणता पट्टा, काय कारण, काय दुरुस्ती, कोणत्या तारखेला, हे नकाशावर नोंदवा. तेवढ्याच पट्ट्याची मुदत नव्याने सुरू करा, बाकी खाणीची चालू ठेवा. अनामत रकमेचाही तसाच हिशोब असावा: माती पसरून उतार बसला की एक हिस्सा परत, गवताचं आच्छादन निकषाला आलं की दुसरा, आणि सर्वांत मोठा हिस्सा मुदत संपल्यावरच. दरवर्षीची मोजणी, टेपच्या जागांचे अक्षांश-रेखांश आणि त्याच ठिकाणाहून काढलेले फोटो ग्रामपंचायतीच्या दप्तरात एक प्रत आणि तहसीलमध्ये एक प्रत, असे ठेवा. सात वर्षांत अधिकारी बदलतात, सरपंच बदलतात, पट्टाही दुसऱ्याच्या नावावर होतो. नोंद एकाच माणसाच्या फायलीत राहिली तर तुलनेला काहीच उरत नाही.